कुठून आलात?

'पॉलिसी' म्हटलं की घरी एलआयसी आठवते. नेटवर्क्सच्या ओरलला मात्र याच शब्दापुढे 'बेस्ड राउटिंग' लागतं आणि भल्याभल्यांची दांडी उडते.

साधा राउटर म्हणजे एसटी स्टँडवरच्या चौकशी खिडकीतला माणूस. तो एकच विचारतो, "कुठं जायचंय?" तुम्ही सातारा म्हणालात की तो फलाट दाखवणार. तुम्ही कोण, कुठले, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. राउटरही पॅकेटचा डेस्टिनेशन ॲड्रेस बघतो, टेबलमधला सर्वांत नेमका जुळणारा मार्ग काढतो, की झालं. पॉलिसी लावली की तो आधी विचारतो, "कुठून आलात?"

आपल्याकडे लाइनी दोन. लीज्ड लाइन स्टाफ आणि लॅबला, ब्रॉडबँड दोन्ही होस्टेलना. रात्री आठनंतर ब्रॉडबँड म्हणजे मेसची आमटी, नुसतं पाणी. मुलं सरळ उठून लॅबमध्ये जाऊन बसतात, ती अकरापर्यंत उघडी. आम्ही साडेआठला गेटच्या आत. गेल्या सेमिस्टरला आमच्या मजल्यावरच्या दोघींची प्लेसमेंटची ऑनलाइन टेस्ट अर्ध्यात तुटली. पुन्हा संधी मिळाली नाही. त्या वेळी लीज्ड लाइन जवळजवळ रिकामी होती, हे मला आलेखात दिसलं आणि डोकं फिरलं.

अर्ज केला. रेक्टर मॅडमना राउटिंग कळलं नाही, मुद्दा बरोबर कळला. नेटवर्कवाले सर म्हणाले, "तूच लिही, मी शेजारी बसतो."

काम तसं दहा ओळींचं. रूट-मॅपमध्ये क्रमांक १० वर स्टाफ-लॅब आधीच होते. मी २० उघडला. मॅचमध्ये आमच्या होस्टेलची ॲक्सेस-लिस्ट, सेटमध्ये नेक्स्ट-हॉप म्हणून लीज्ड लाइनचं पलीकडचं टोक. सर म्हणाले, "आता लायब्ररीच्या सर्व्हरचं पॅकेट कुठं जाईल?" लिस्टमध्ये पहिली ओळ कॅम्पसच्या ॲड्रेससाठी 'डिनाय'ची होती, ती दाखवली. इथे डिनाय म्हणजे पॅकेट फेकणं नव्हे, तर पॉलिसीतून सोडून नेहमीच्या टेबलकडे पाठवणं. ती ओळ नसती तर लायब्ररीचं पॅकेटही कॅम्पसबाहेरच्या रस्त्याला लागलं असतं. सर काही बोलले नाहीत, चहा मागवला. (आपल्या सरांची शाबासकी अशीच असते.)

दुसरी गोम नेक्स्ट-हॉपची. पलीकडचं टोक मेलं, पण आपल्याकडची तार जिवंत दिसत असेल, तर राउटर बिनधास्त तिकडेच पॅकेट ढकलत राहतो. म्हणून पलीकडे सतत पिंग करणारा ट्रॅक जोडला. उत्तर थांबलं की पॉलिसी बाजूला आणि गाडी पुन्हा ब्रॉडबँडवर. शेवटी रूट-मॅप आमच्या होस्टेलच्या इंटरफेसवर लावला. पॅकेट जिथून आत येतं तिथेच तो लागतो, बाहेर जाणाऱ्या दारावर नाही. हे ओरलला हमखास विचारतात, लिहून ठेवा.

रात्री नऊला खोलीतून ट्रेसराउट मारला. कॅम्पसबाहेरचा पहिला हॉप लीज्ड लाइनचा. कॉरिडॉरमध्ये जो आरडाओरडा झाला, त्यावर मॅडमनी दुसऱ्या दिवशी नोटीस लावली.

आता मुलांच्या होस्टेलचाही अर्ज आलाय. त्यांचं म्हणणं, लॅबमध्ये खुर्च्या चाळीस आणि मुलं तीनशे. खरं आहे. पण सगळेच लीज्ड लाइनवर आले तर तिचीही आमटी होणार. क्रमांक ३० अजून रिकामा आहे आणि मीटिंग शुक्रवारी आहे.