काकांच्या ए.एम.आय.ई.च्या वह्या

परवा जिंतूरला माहेरी माळा आवरताना एक ट्रंक निघाली. आत काकांच्या ए.एम.आय.ई.च्या वह्या, मेकॅनिकलच्या! काकांचा डिप्लोमा झालेला, डिग्रीला पैसे नव्हते. मग कोलकात्याच्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सकडे नाव नोंदवलं. दिवसा नोकरी, रात्री अभ्यास. ना वर्ग, ना सर. सेक्शन ए आणि बी पास झालं की सरकार ते पदवीच्या बरोबरीचं धरायचं. थर्मोडायनॅमिक्सच्या एका पानामागे काकूनं किराणाची यादी लिहिलीय...

भाचा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. वह्या चाळत म्हणाला, "मावशी, मला जमेल का गं हे?"

काय सांगणार? ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांनाच ती बरोबरी मिळते. डिप्लोमावाल्यांना कॉलेजात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश आहे, पण याला लगेच कमवायचंय. नोकरदारांसाठी २०२३ पासून वेगळे वर्ग निघालेत खरे, पण तसं कॉलेज जवळ हवं ना!

अर्थात काकांचेही सेक्शन बीचे दोन पेपर शेवटपर्यंत सुटले नाहीत. घरात तो विषय कुणी काढत नाही.

वह्या भाच्यानं नेल्या. यादीचं पान तेवढं काकूनं ठेवून घेतलं.