आतली केबल, बाहेरची केबल

लाल कापडात बांधलेल्या वह्यांची जागा आता हार्ड डिस्कने घेतली आहे. वहीची बांधणी पारखून घेणारे आपण व्यापारी, त्या डिस्कला संगणकाशी जोडणाऱ्या केबलकडे मात्र क्वचितच लक्ष देतो.

गेल्या वर्षी आमच्या पेढीतील जुना संगणक बंद पडला. आतली डिस्क शाबूत होती आणि तीत सात वर्षांची जमा-उधारी होती. करसल्लागारांना त्याच आठवड्यात जुनी बिले हवी होती. पुतण्याने खणातील केबलींचा गुंता पुढे ठेवला व म्हणाला, “काका, ही साटाच आहे, पण बसत नाही.” मी त्याला जोर लावू दिला नाही, आम्ही दोघांनी केबलींची टोके उजेडात धरून पाहिली.

नाव एकच असले तरी घराणी दोन आहेत. संगणकाच्या आतील साटा केबलच्या तोंडाची फट इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखी वळलेली असते. बाहेरच्या ‘ई-साटा’ केबलची फट सरळ असते आणि तिच्या तोंडाभोवती धातूचे आवरण असते. म्हणूनच एकीच्या जागी दुसरी बसत नाही. जुन्या काळची रुंद, चपटी पट्टीसारखी केबल तर पाहताक्षणीच वेगळी ओळखू येते.

या भेदामागे कारण आहे. आतली केबल एकदा बसवली की तिने तिथेच राहावे, अशी अपेक्षा असते. ती सुमारे ५० वेळा काढण्या-घालण्यापुरती घडवलेली असते आणि तिची लांबी फार तर १ मीटर. बाहेरची रोज हाताळली जाणार, म्हणून तिची मर्यादा ५००० वेळांची व लांबी २ मीटरपर्यंत. मात्र या दोन्ही केबली केवळ माहिती वाहून नेतात. वीज वेगळ्या वाटेने द्यावी लागते. आतल्या डिस्कला १५ पट्ट्यांच्या रुंद जोडणीतून, तर बाहेरच्या डिस्कला बहुधा स्वतंत्र अडॅप्टरमधून.

हे उमगल्यावर आम्ही दुसरा संगणक बंद करून, वीज काढून, ती डिस्क आतल्याच केबलने त्यात जोडली. सातही वर्षांची बिले मिळाली. त्याच दिवशी त्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली.

आता आमच्या खणातील प्रत्येक केबलला चिठ्ठी बांधलेली आहे: ‘आतली’ किंवा ‘बाहेरची’. वाचकहो, आपल्या पेढीवरही एखाद्या निवांत दुपारी एवढे अवश्य करावे. निकडीच्या वेळी घाईच्या हाताला चिठ्ठीचा मोठा आधार होतो.