नकाशापासून निकालापर्यंत

वास्तुविद्या आणि विधिविद्या यांचीं दोन जुनीं माहेरघरें मुंबईंत एकमेकांपासून फार दूर नाहींत. बोरीबंदराजवळच्या जे. जे. वास्तुकला महाविद्यालयापासून निघून, १८५५ सालीं स्थापन झालेल्या चर्चगेटच्या शासकीय विधि महाविद्यालयापर्यंत रमतगमत गेलें तरी तासाभरांत पोंचतां येतें. आमच्या पुतण्यानें पांच वर्षें शिकून वास्तुविशारदाची पदवी घेतली आणि मग कायदा शिकण्याचा मनोदय सांगितला, तेव्हां घरांतील वडीलधाऱ्यांच्या मुद्रा गंभीर झाल्या. पांच वर्षें पाण्यांत गेलीं, असेंच सर्वांस वाटलें. त्याचें म्हणणें नीट ऐकावें म्हणून आम्ही एके दिवशीं त्याच्यासह ही वाट चालून गेलों.

वाटेंत उच्च न्यायालय लागतें. कर्नल फुलर यांनीं आंखलेली ही भव्य वास्तु १८७१ मध्यें सुरू होऊन १८७८ मध्यें पुरी झाली. शेजारीं राजाबाई मनोरा, समोर ओव्हलचें मैदान. या परिसरास २०१८ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशाचा मान दिला. आम्ही कमानी पाहण्यांत गढलों असतां पुतण्या म्हणाला, “काका, आंत चालणारे कितीतरी खटले घरांचेच असतात. पागडीची खोली, चाळीचा पुनर्विकास, शेजाऱ्यानें अडविलेला उजेड! वकिलाला नकाशा दुसऱ्याकडून समजून घ्यावा लागतो. मला तो वाचतां येतो.” खिडकींतून वीस वर्षें निर्वेधपणें मिळालेल्या उजेडावर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानें हक्क सांगतां येतो, हेंही त्यानेंच आम्हांस सांगितलें.

परंतु या मार्गाचें मोल थोडें नाहीं. पदवीनंतर कायद्याचीं आणखी तीन वर्षें, मग बार कौन्सिलची परीक्षा. शिवाय दोन्ही डगरींवर हात ठेवतां येत नाहीं. दुसरा व्यवसाय चालविणाऱ्यास वकिलीची सनद न देण्याचा महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलचा नियम १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें एका शल्यविशारदाच्या प्रकरणांत उचलून धरला.

“मग घरें बांधण्याची तुझी हौस?” आम्हीं विचारलें.

तो क्षणभर मैदानापलीकडे पाहात राहिला. “ती सोडावी लागेल, काका,” तो म्हणाला.

ज्या कुटुंबांत असा प्रश्न उभा राहील, त्यांनीं गेलेल्या वर्षांचा हिशेब मागूं नये. शिकलेली विद्या नव्या कामींही उपयोगीं पडते. मात्र जें सोडावें लागणार, तें मुलानें पुरतें ओळखलें आहे कीं नाहीं, एवढें अवश्य विचारावें. त्यानें तें ओळखलें असेल, तर त्यास निःशंक मनानें आशीर्वाद द्यावा.