समुद्रातला बांध

उन्हाळ कांदा चाळीत भरून झाला आणि एप्रिल २०२५ मध्ये आम्ही विंचूरचे चौघे कोकण पाहायला निघालो. लासलगावला आगगाडी धरली, मुंबईला दुसरी, पुढे कुडाळहून एस. टी. दुसऱ्या दिवशी वेंगुर्ले तालुक्यातल्या निवतीला पोचलो. आपल्याकडे नजर जाईल तिथवर काळी जमीन, तिथे पाणीच पाणी!

किनाऱ्यावर एक म्हातारा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, जाळे शिवत बसला होता. त्याने दूरचे खडक दाखवले. त्यांच्याजवळच ‘आयएनएस गुलदार’ला जलसमाधी द्यायची योजना आहे, असे त्याने सांगितले.

‘गुलदार’ हे नौदलाचे जहाज. लांबी सुमारे ८४ मीटर. रणगाडे आणि जवान थेट किनाऱ्यावर उतरवणे हे त्याचे काम. पोलंडमध्ये बांधलेले हे जहाज १९८५ साली नौदलात आले आणि १२ जानेवारी २०२४ रोजी निवृत्त झाले. २०२५ साली नौदलाने ते महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या हवाली केले. पर्यटकांना पाण्याखालचे संग्रहालय आणि माशांना घर, असा दुहेरी हेतू. याआधी ‘विराट’ युद्धनौकेसाठीही निवतीचेच नाव २०१८ साली पुढे आले होते. पण ती अखेर २०२० मध्ये गुजरातेत अलंगला भंगारात गेली.

“लोखंड बुडवून मासे कसे येतील?” आमच्यातल्या एकाने विचारलेच.

मंडळी, आपल्या शेताचा बांध आठवा. त्यावर आपण काही पेरत नाही. तरी बोर, बाभूळ, मुंगूस, मधमाशी तिथेच आसरा घेतात. सपाट वाळूच्या तळाला असा बांध नसतो. जहाज तळाशी बसले की आधी शेवाळ धरते, मग कालवे चिकटतात, लहान मासे लपायला येतात आणि त्यांच्यामागे गोबरा, तांबोशी असे मोठे मासे. अमेरिकेत फ्लोरिडाजवळ ‘ओरिस्कनी’ ही विमानवाहू नौका १७ मे २००६ रोजी अशीच मुद्दाम बुडवली. ३७ मिनिटांत ती दिसेनाशी झाली, आणि आज तिच्याभोवती मासळीचा वावर आहे.

मात्र बुडवण्याआधी जहाजातले तेल, विषारी रंग, तारा हे सारे काढावे लागते. नाहीतर घराऐवजी उकिरडा होतो.

तांडेल जाळ्यावरची नजर न काढता म्हणाला, “तेल रवला तर मासो जातलो, आणि आमका अडवल्यानी तर आमी जातलों.” पर्यटकांच्या बोटी येतील, पण पिढ्यान्‌पिढ्या तिथे मासे धरणाऱ्यांना जागा राहील का, ही त्याची काळजी.

दुसरी गोष्टही त्यानेच सांगितली. मासे एका जागी गोळा होणे वेगळे आणि मासे वाढणे वेगळे. जमले म्हणून सगळेच ओरबाडले, तर पुढच्या साली काय?

परतल्यावर शेतात गेलो. दरवर्षी तासभर कोरून आमचा बांध हातभर उरला आहे. यंदा नांगर त्याच्यापासून दोन हात दूर ठेवला.