आयुष्यभराचे तेल

क्लचचे पेडल नसलेली मोटार असते, हे मी ऐकून होतो. पण ती आपल्याच अंगणात येऊन उभी राहील, असे कधी वाटले नव्हते. माझ्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि त्या पायाला फार राबवू नका, असे डॉक्टरांनी बजावले. त्याच सुमारास पुण्याच्या आमच्या चिरंजीवांना नोकरीनिमित्त परदेशी जाण्याचा योग आला. "बाबा, माझी गाडी तुम्हीच वापरा. तिच्यात डाव्या पायाला कामच नाही," असे म्हणून त्याने किल्ली माझ्या हातात ठेवली. लंगड्याला घोडा मिळाला! सारंगखेड्याच्या यात्रेतही इतका गरीब घोडा मिळायचा नाही.

आम्ही राहतो पुरुषोत्तमनगरला. नंदुरबार जिल्ह्यात, शहाद्याजवळ, सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याचे हे गाव. माझी उभी हयात साखर कारखान्यांच्या मिल-हाऊसमध्ये गेली. ऊस पिळणारे ते अजस्र लाट, त्यांना फिरवणारे माणसाहून उंच गियरबॉक्स आणि त्यांचे तेल यांतच माझे केस पांढरे झाले. गळीत हंगाम संपला, की आम्ही गियरबॉक्सची झाकणे उघडून दातन्‌दात तपासायचो. तेल बोटावर घेऊन चोळायचो, वास घ्यायचो, संशय आला तर नमुना तपासणीला धाडायचो. बिघाड ऑफ सीझनमध्ये सापडला तर खर्च. हंगामात सापडला तर गाळपाविना अंगणात उभ्या राहिलेल्या ऊसगाड्या आणि शेतकऱ्यांच्या शिव्या. हे शिक्षण हाडीमासी खिळलेले.

यंदा श्रावणात सौ.च्या आग्रहाने तोरणमाळला निघालो. घाट चढताना गाडीने दोनदा हिसका दिला. गियर बदलताना क्षणभर अडखळली आणि मग ढकलल्यासारखी पुढे गेली. सौ. म्हणाली, "रस्ता खराब आहे." मी काही बोललो नाही, पण यंत्राचा आवाज ओळखण्यात माझा जन्म गेला होता. हा रस्त्याचा हिसका नव्हता.

परत आल्यावर गाडी घेऊन मी एका मोठ्या शहरातल्या सर्व्हिस सेंटरात गेलो. गळ्यात टाय लावलेल्या एका तरतरीत मुलाने मला थंड पाणी दिले.

"गियरबॉक्सचं तेल कधी बदललंय?" मी विचारले.

"काका, ते बदलायचं नसतंच. सील्ड युनिट आहे. लाइफटाइम तेल!"

"लाइफटाइम म्हणजे कुणाचा हो? तेलाचा, गाडीचा, की माझा?"

तो नुसता हसला. गाडी 84 हजार किलोमीटर धावलेली, वय नऊ वर्षे. तेल तपासायची पट्टीच नाही, तर तपासणार काय?

त्या रात्री मी गाडीसोबतची पुस्तिका घेऊन बसलो. सर्वसाधारण वापरात हे तेल बदलण्याची गरज नाही, असे तीत होतेच. पण खाली, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, कठीण वापराची यादी होती: कडक ऊन, धूळ, डोंगराळ रस्ते, थोड्या अंतराच्या वारंवार फेऱ्या. वाचता वाचता मला वाटले, ही यादी करणारा गृहस्थ मे महिन्यात आमच्याकडे पाहुणा म्हणून राहून गेला असावा! पारा चाळिशीच्या वर, उसाच्या ट्रॅक्टरांनी उडवलेला धुरळा आणि डोक्यावर सातपुडा. आमचे सर्वसाधारण जगणेच त्याच्या लेखी कठीण वापर होते.

मग मी विषयाच्या मुळाशीच गेलो. आपोआप गियर बदलणारी ही यंत्रणा आजची नव्हे. अमेरिकेत जनरल मोटर्सने 1939 मध्ये 'हायड्रामॅटिक' नावाने ती बाजारात आणली. या यंत्रातले तेल बिचारे एकटे चार जणांची कामे करते. इंजिनाची शक्ती तेच पुढे पोचवते, त्याच्याच दाबाने गियर पडतात, दातांना वंगण तेच आणि उष्णता वाहून नेणारेही तेच. पूर्वी या तेलात स्पर्म जातीच्या देवमाशाचे तेल मिसळत असत. सत्तरीच्या दशकात अमेरिकेत त्यावर बंदी आली आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावा लागला. पुढे कृत्रिम तेले इतकी सुधारली, की ती पूर्वीच्या कितीतरी पट टिकू लागली. तेव्हा कंपन्यांचे म्हणणे अगदीच खोटे आहे, असे नाही. शिवाय कोपऱ्यावरच्या कोणीतरी भलतेच तेल ओतून गियरबॉक्सची वाट लावण्यापेक्षा तो बंद असलेला बरा, हाही विचार त्यात आहे. आणि देखभालीचा खर्च कागदावर कमी दिसला, तर गाडी खपायला सोपी जाते, हेही आहेच.

पण गंमत पुढेच आहे. जर्मनीतील फ्रीडरिश्सहाफेन येथे 1915 मध्ये झेपेलिन हवाई जहाजांचे दाते घडवण्यासाठी सुरू झालेली झेड-एफ ही कंपनी आज अनेक नामांकित मोटारींचे गियरबॉक्स बनवते. काही मोटारवाले ज्या तेलाला आजन्म म्हणतात, तेच तेल वापराप्रमाणे 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटरांना, किंवा आठ वर्षांनी बदला, असे ही कंपनी सांगते. म्हणजे सासर म्हणते सून ठणठणीत आहे, आणि माहेर म्हणते तिला जरा डॉक्टरांकडे न्या! अशा वेळी मी तरी माहेरचेच ऐकतो.

आणि सील्ड म्हणजे तरी काय? खाली तेल सोडायचा बोल्ट असतो, वर हवेला श्वास घ्यायला नळी असते. 'बंद' आहे ती फक्त मालकाची चौकशी.

प्रश्न एकच उरला. शहाद्याच्या कट्ट्यावर प्रत्येकाला कोणीतरी असा माहीत होता, की ज्याने तेल बदलले आणि आठवड्यात गियरबॉक्स बसला. "जुन्या तेलावर चाललीय ना? मग हात लावू नका," असा एकमुखी सल्ला. मला ते पटेना. मरणपंथाला लागलेल्याच्या मुखात गंगाजल घातले आणि तो गेला, तर दोष गंगाजलाचा म्हणायचा का? आधीच घासून गेलेल्या चकत्यांना नव्या तेलाने जीव येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. तरीही मनात धाकधूक होतीच. तेल बदलायला काही हजार, आणि गियरबॉक्स गेला तर लाखांची गोष्ट. निवृत्तीच्या पैशांत लाखाची गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही. शिवाय रात्री-अपरात्री नंदुरबारच्या दवाखान्यात जायचे, तर दारात हीच.

अखेर एका जुन्या, जाणत्या मिस्त्रीकडे गेलो. तो आपल्या अहिराणीत एवढेच म्हणाला, "तेल शे ना नाना, मंग ते खराब व्हईच!" साऱ्या कारखानदारीचे सार त्याने एका वाक्यात सांगितले.

दाबाने धुऊन काढायचे नाही, हे आम्ही आधी ठरवले. पुस्तिकेत नेमून दिलेल्या जातीचेच तेल आणले. पहाटेच्या गारव्यात बोल्ट उघडला. बाहेर आले ते मळीसारखे काळे, करपट वासाचे. नव्या तेलाचा रंग डाळिंबाच्या रसासारखा! तळच्या भांड्यातील लोहचुंबकावर करडा, मऊ लेप होता. बोटाने चोळून पाहिला, कीस कुठेच लागला नाही. माझा जीव भांड्यात पडला. लेप ही वयाची खूण, कीस ही मरणाची. सगळे तेल एका वेळी निघत नाही. निम्म्याच्या आसपास आतच अडकून राहते. म्हणून जेवढे निघाले तेवढेच मोजून भरले, तेलाची उष्णता 40 अंशांच्या सुमारास आल्यावर पातळी पाहिली, आणि हजार किलोमीटरांनी हेच पुन्हा एकदा केले. आता गाडी घाटात हिसका देत नाही. अगदी नवी झाली असे म्हणणार नाही. पण कुरकुर थांबली.

त्या संध्याकाळी मी हा सारा पराक्रम सौ.ला रंगवून सांगत होतो. ती फराळासाठी भाजणी चाळत होती. सगळे ऐकून घेतल्यावर म्हणाली, "अहो, गाडीचं तेल नऊ वर्षं बदललं नाही म्हणून एवढे हळहळलात. स्वतःचं रक्त शेवटचं कधी तपासलंत? ऑपरेशनच्या वेळी ना? त्याला सहा वर्षं झाली."

"मला काय झालंय?" मी म्हणालो.

आणि तोंडातून शब्द बाहेर पडताच मला तो टायवाला मुलगा आठवला. सील्ड युनिट. लाइफटाइम. उघडायचंच नसतं. रात्री दोनदा उठावे लागत होते, पायांना मुंग्या येत होत्या. घाटातल्या हिसक्यांसारखेच ते, आणि मी मात्र 'रस्ता खराब आहे' म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी शहाद्याला रक्त दिले. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी ती तपासणी. साडेसहाच्या पुढे मधुमेह समजतात; माझा आकडा आला 8.9. जन्मभर साखर केली, तिने शेवटी असा बोनस दिला! डॉक्टर म्हणाले, "थोडं उशिरा आलात, पण फार उशिरा नाही." मिस्त्रीने लोहचुंबक पुसताना काढलेला सूर नेमका हाच होता.

यंदाच्या दिवाळीत आमच्याकडे चिवडा, कडबोळी आणि शेव भरपूर आहे. करंज्यांचा डबा सौ.ने फळीवर अगदी वर ठेवला आहे. माझा गुडघा तिथवर चढू देत नाही, हे तिला पक्के ठाऊक आहे. गाडीचे पुढचे तेल कधी, ते मी कॅलेंडरवर लिहून ठेवले. त्याच्याच खाली तिने माझ्या रक्ताची तारीख लिहिली आहे, आणि ती माझ्या तारखेच्या बरीच अलीकडची आहे.