पुरचुंडीचं देणं

नांदेडच्या माझ्या अंगणात जो गलांडा फुलतो, त्याचं बी लातूरच्या आत्याचं. तांबड्या पाकळ्या, त्यांना पिवळी टोकं आणि मधोमध फुगीर गोंडा. हे फूल मूळचं मेक्सिको आणि त्याच्या उत्तरेकडच्या कोरड्या माळरानांचं.  आपली करडई आणि सूर्यफूल याच्याच कुळातली. मराठवाड्याचं ऊन त्याला मानवलं, यात नवल नाही.

लग्न होऊन मी नांदेडला आले, तेव्हा आत्या माझं घर बघायला आली. परसात जाऊन तिने मूठभर काळी माती दाबून पाहिली. "ही माती पाणी धरून बसते, माय. गलांड्याचं मूळ ओलं राहिलं की कुजतंच." मग तिने मला उंच गादीवाफा करायला लावला, त्यात वाळू आणि मुरलेलं शेणखत मिसळायला लावलं. बी खोल पुरू दिलं नाही, वरून माती नुसती भुरभुरली. महिन्याभराने दीड-दोन विती अंतर ठेवून, दिवसभर ऊन पडेल अशा जागी रोपं लावायची आणि सुकलेली फुलं खुडत राहायची, म्हणजे नव्या कळ्या येतात, हे सगळं तिनेच शिकवलं.

पण या शिकवणीपेक्षा मोठं देणं २०१६ सालचं आहे. मांजरा धरण आटलं होतं. पाण्यावरून भांडणं होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये लातुरात पाणवठ्यांजवळ जमावबंदी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. त्या उन्हाळ्यात आत्याच्या घरी पाण्याचा क्रम ठरलेला होता. आधी घशाला, मग स्वयंपाकाला, मग भांड्यांना. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी काही दिवस गलांड्याला मिळालं. पुढे तेही भांडी विसळायला लागलं, तेव्हा तिने झाडांचं पाणी तोडलं. मी फोनवर हळहळले. ती म्हणाली, "माणसाच्या तोंडचं पाणी झाडाला घालायचं नसतं. झाड गेलं तरी चालंल, बी राहिलं पाहिजे."

आणि बी तिने राखलं होतं. हंगाम संपताना उरलीसुरली फुलं बियाण्याला ठेवायची तिची रीत नव्हती. बहर जोरात असतानाच सगळ्यात दणकट झाडाला ती दोरा बांधायची. त्या झाडाची फुलं कुणालाही तोडू द्यायची नाही, देवालाही नाही. गोंडे पुरते वाळले की चुरून, सावलीत सुकवून, जुन्या धोतराच्या फडक्यात पुरचुंडी बांधायची. त्या पावसाळ्याच्या शेवटी मांजरा भरलं आणि आत्याने पुरचुंडी सोडली. निम्मं बी तिने आपल्या वाफ्यात टाकलं, निम्मं मला दिलं. तिच्याकडे तेवढंच उरलेलं होतं, हे मला नंतर कळलं.

नांदेडला गोदावरी आहे, विष्णुपुरीचा जलाशय आहे. नळ सोडला की पाणी येतं, म्हणून इथे पाण्याचा हिशेब कुणी विचारत नाही. आत्याने मला तो विचारायला शिकवलं. आज पाणी असलं, तरी माझ्या वाफ्याला आधी स्वयंपाकघरातलं धुवणाचं पाणीच जातं. कमी पाण्यात वाढल्याने माझी झाडं काटक झाली आहेत आणि मे महिन्याच्या झळाही सोसतात.

आत्या आता थकली आहे. तिच्या उपकारांची परतफेड तिच्याकडे नेली, तर ती घेणार नाही. म्हणून मी दणकट झाडाला दोरा बांधते, पुरचुंड्या करते आणि मागेल त्याला देते. देताना पाण्याचा तिचा क्रमही सांगते. नुसतं बी दिलं, तर तिचं देणं निम्मंच फिटेल.