स्ट्रॉबेरीचा मुरांबा

परवा पाचगणीहून स्ट्रॉबेरीचे दोन बॉक्स आणले. निरवांगीला पोचेपर्यंत खालचा थर पार मऊ! मला केक करायचा होता. आई म्हणाली, "टाकू नको, मुरांबा करू." बाबा गेल्यापासून तिने गोडाचं काही केलंच नव्हतं, म्हणून मी गप्प बसले.

स्ट्रॉबेरीत पेक्टिन कमी, नुसत्या साखरेत ती नीट आळत नाही. हे मी वाचलेलं. आईने मात्र चव घेऊन आपणहून परसातलं लिंबू पिळलं. (महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हेही तिला सांगून झालं. तिला काय त्याचं!) थेंब ताटलीत टाकून बोटाने रेघ ओढली, ती मिटेना तसा गॅस बंद केला. मग हळूच म्हणाली, "ह्यांना आवडला असता."

केक राहिलाच.